साक्षीदाराचे वर्तन उद्धट

‘हे अक्षर कुणाचं?’ मुळे वकिलांनी कागद माझ्यापुढं धरला.

‘माझं.’

‘खालची सही?’

‘माझीच.’

‘आणि हा शिक्का?’

‘गावच्या तंटामुक्ती समितीचा. मी अध्यक्ष आहे.’

‘म्हणजे लिहिणारे तुम्ही, सही करणारे तुम्ही आणि शिक्का मारणारेही तुम्हीच. जरा मोठ्यानं वाचा.’

मी चष्मा लावला. खरं तर गरज नव्हती, मजकूर मला पाठ होता. ‘पती-पत्नीमध्ये किरकोळ गैरसमजातून वाद झाला होता. तो दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमक्ष आपसात मिटला आहे. कोणाचीही कोणाविरुद्ध तक्रार नाही.’

‘या कागदातली पत्नी कोण?’

‘माझी मुलगी. उज्ज्वला.’

मुळे वकील न्यायाधीश साहेबांकडं वळून हसले आणि कागद टेबलावर ठेवून बाजूला झाले. एवढ्यावरच ते खाली बसले असते तरी त्यांचं काम झालं होतं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. आमच्या जिल्ह्याचं कोर्ट, दुसरा मजला. दावा माझ्या जावयानं घातला होता. सुदर्शन प्राथमिक शाळेत शिक्षक होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की मुलगी मला द्या. मुलगी म्हणजे माझी नात तनुजा, सहा वर्षांची. उज्ज्वला तिला घेऊन दीड वर्षापासून आमच्याकडं राहत होती. सुदर्शनच्या मारानं उज्ज्वलाच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. कानाच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आम्ही दिलं होतं. ती न्हाणीघरात पाय घसरून पडली, असं त्यानं लिहून दिलं होतं.

त्या दिवशी मागच्या बाकावर माझी बायको चंद्रकला बसली होती. ती गेल्या पौषात गेली. ती असती तर मी हे लिहिलं नसतं. तिनंच कधीतरी सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा नीट सांगितलं असतं.

कागदाचं आधी सांगतो. मी मोटारी भरायचा धंदा करायचो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग. दुकानात चार लोक यायचे, बसायचे, म्हणून माझ्या ओळखी. समिती निघाली तेव्हा गावानं मलाच अध्यक्ष केलं. मी एकवीस तंटे मिटवले. बांधाचे, पाण्याचे, आणि नऊ नवराबायकोचे. त्या नवांसाठी मी एकच मजकूर ठरवला होता. नावं बदलायची, तारीख बदलायची, बाकी तेच. गावाला बक्षीस मिळालं. वेशीत पाटी लागली.

मग उज्ज्वला माहेरी आली, तनू तीन वर्षांची होती तेव्हा. दंडावर पट्ट्याचे वळ होते. चंद्रकला म्हणाली, ‘पोरीला धाडायची नाही.’ मी म्हणालो, ‘अध्यक्षाचीच पोरगी घरी बसली तर गावानं माझं का ऐकावं?’ ग्रामपंचायतीत बैठक झाली. सुदर्शनकडचे पाच जण आले, चहा झाला. नऊ कागद लिहिले होते, दहावा लिहायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. चंद्रकला दारात उभी राहून म्हणाली, ‘अहो, निदान तुम्ही सही नका करू. दुसऱ्या कुणाला करू द्या.’ मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो, ‘तू घरी जा.’ उज्ज्वलाला परत सासरी धाडली, कान त्यानंतर फाटला.

तोच कागद आता मुळे वकिलांनी काढला होता.

आमच्या वकील नसरीन शेख म्हणून होत्या. वयानं उज्ज्वलापेक्षा लहान. आदल्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात बसवून सांगितलं होतं, ‘काका, विचारलं तेवढंच बोला. आपलं रामायण सांगू नका. कागद दाखवतील, तर दबावाखाली सही केली म्हणा.’

‘माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता ताई.’

‘काका, तुम्ही केस बुडवणार आहात.’

साहेब तसे वाईट नव्हते. आवाज चढवायचे नाहीत. माझे पाय दुखतात हे बघून त्यांनी शिपायाला खुर्ची आणायला लावली होती. उज्ज्वलाची साक्ष झाली तेव्हा ती ऐकण्यासाठी उजवा कान त्यांच्याकडं करायची. त्यामुळं तोंड दुसरीकडं जायचं. साहेब दोनदा म्हणाले, ‘बाई, इकडं बघून बोला.’ तिसऱ्यांदा नसरीनताईंनी उठून कारण सांगितलं. साहेब म्हणाले, ‘बरं बरं,’ आणि पुढं गेले.

तनूला त्यांनी आपल्या खोलीत एकटीला बोलावलं होतं. दहा मिनिटांत ती बाहेर आली. चंद्रकलानं विचारलं, ‘काय गं विचारलं साहेबांनी?’

‘पप्पा मारतात का विचारलं.’

‘मग?’

‘मी म्हटलं, मला नाही मारत.’

‘आणखी काय विचारलं?’

‘कितवीत आहेस विचारलं. मग गोळी दिली.’

चंद्रकला माझ्याकडं बघत राहिली. ‘मला नाही’ असं पोरगी म्हणते, मग कुणाला, एवढं पुढं विचारायला किती वेळ लागतो?

तर मी साक्षीला उभा होतो. म्हणजे बसलो होतो. मुळे वकिलांचं झाल्यावर साहेब स्वतः माझ्याशी बोलायला लागले. घरातला माणूस बोलतो तसं.

‘ढाकणे, तुम्ही अनुभवी आहात. नवराबायकोचे किती तंटे मिटवले म्हणालात?’

‘नऊ. हा धरून दहा.’

‘मग तुम्हाला मी काय सांगणार? संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. माझ्यापुढं प्रश्न वेगळा आहे. सुदर्शन नवरा म्हणून कसा, हे मी बघत नाही. बाप म्हणून कसा, ते बघतोय. त्यानं मुलीला कधी मारलं?’

‘मुलीला नाही.’

‘शाळेची फी भरतो?’

‘भरायचा.’

‘मुलीला रंगपेटी, दप्तर आणतो. तिनंच मला सांगितलं.’

‘आणतो.’

‘मग झालं तर. तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?’

‘चौतीस.’

‘चौतीस वर्षांत तुमचा कधी हात उठला नाही?’ साहेब हसले. ‘खरं सांगा. शपथेवर आहात.’

मुळे वकील हसले. टायपिस्ट बाई हसल्या. पुढच्या केसचे दोघं-तिघं बसले होते, तेही हसले. सुदर्शन मान खाली घालून हसला. साहेबांनी मला वाट करून दिली होती, हे मला कळत होतं. मी नुसतं हसलो असतो तरी चाललं असतं. नाही म्हणालो असतो तर कोर्टात कुणी खोटं पाडणार नव्हतं. माझ्या मुलीच्या बाजूनं तर तेच बरं दिसलं असतं.

मागच्या बाकावर चंद्रकला हसत नव्हती. ती माझ्याकडं बघतही नव्हती. हातातल्या पिशवीचा बंद सारखा करत होती.

‘उठला, साहेब,’ मी म्हणालो. ‘दोनदा.’

नसरीनताईंनी पेन खाली ठेवलं.

‘बघा,’ साहेब म्हणाले. ‘प्रामाणिक माणूस आहात. मग काय, तुम्ही वाईट बाप झालात का?’

‘झालो.’

‘काय?’

‘वाईट बाप झालो, साहेब. मी उज्ज्वलाला उभ्या जन्मात बोट लावलं नाही. तिला सायकल आणली, बारावीपर्यंत शिकवली. पण दुसऱ्या वेळेला ती सात वर्षांची होती आणि समोर उभी होती. भाजीत मीठ जास्त झालं होतं. मी तिच्या आईच्या तोंडात मारली. मग मी जेवलो. तिची आई पण जेवली. पोरीनं सगळं बघितलं.’

‘ढाकणे, प्रश्नापुरतं...’

‘तुम्हीच विचारलंत साहेब. लग्नानंतर पंधराव्या दिवशी सुदर्शननं तिला पहिल्यांदा मारलं. तिनं आम्हाला सांगितलं तनू झाल्यावर, दोन वर्षांनी. मी विचारलं, अगं इतके दिवस का नाही बोललीस? तर म्हणाली, आई तरी कुठं कुणाला सांगायची. मला वाटलं असंच असतं.’

मी साहेबांकडंच बघून पुढं बोललो.

‘तुम्ही म्हणता तो पोरीला मारत नाही. मी पण नव्हतो मारत. पण माझ्या पोरीनं मार खायचा कसा ते माझ्याच घरात शिकून घेतलं. आता तिच्या पोरीनं शिकायचं काय?’

मुळे वकील उठले. ‘साहेब, हे भाषण आहे. साक्ष नाही.’

साहेबांनी त्यांना हातानं बसवलं. मग टायपिस्ट बाईंना म्हणाले, ‘लिहा.’

ज्यांना कोर्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साक्षीदार बोलतो ते बहुतेक वेळा जसंच्या तसं लिहीत नाहीत. तो बोलतो, साहेब ऐकतात आणि त्याचा गोषवारा आपल्या शब्दांत टायपिस्टला सांगतात. शेवटी कागद निघतो. साक्षीदारानं तो वाचायचा आणि खाली सही करायची. वर अपील गेलं तर वरचे साहेब आपल्याला बघत नाहीत, तो कागदच बघतात.

साहेब सांगू लागले, ‘हे म्हणणे खरे आहे की, माझी मुलगी व जावई यांच्यातील वाद माझ्यासमक्ष आपसात मिटला होता. हे म्हणणे खरे आहे की, जावयाने नातीस कधीही मारहाण केलेली नाही. तो तिच्या गरजा भागवत असे. माझ्या स्वतःच्या वैवाहिक जीवनातही किरकोळ वाद झालेले आहेत.’

कागद निघाला. शिपायानं माझ्यापुढं पेन धरलं.

‘साहेब, मी किरकोळ म्हणालो नाही.’

‘अर्थ तोच आहे.’

‘अर्थ तो नाही. तो शब्द माझाच आहे, साहेब. दहा कागदांवर मी तो माझ्या हातानं लिहिला. त्याचा अर्थ काय होतो ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. आज मी तो म्हणालो नाही.’

‘ढाकणे, सही करा. पुढची प्रकरणं खोळंबली आहेत.’

‘मी बोललो ते लिहा, करतो.’

‘इथं काय लिहायचं ते मी ठरवतो.’

‘ठरवा साहेब. तुमचा अधिकार आहे. सही माझी आहे.’

साहेबांचा चेहरा पहिल्यांदा लाल झाला. ‘हा कोर्टाचा अवमान होतो, कळतंय का? मी तुम्हाला आत टाकू शकतो.’

‘टाका. एकदा सही करून मी पोर पाठवली. आता नात नाही पाठवणार.’

शिपाई माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘बाबा, करून टाका ना. कशाला वाढवता? जेवायची वेळ झाली.’ मी पेन त्याच्या खिशाला लावून दिलं.

नसरीनताई उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी मला गप्प बसायला सांगणारी ती पोरगी. ‘प्रश्न कोर्टानं स्वतः विचारला आहे. तेव्हा प्रश्न आणि उत्तर, दोन्ही शब्दशः नोंदवावीत अशी माझी विनंती आहे. नाहीतर तसा लेखी अर्ज मी आत्ता देते, त्याच्यावर हुकूम व्हावा.’

‘तुम्ही मला शिकवणार?’

‘नाही साहेब. अर्ज देणार.’

साहेब उठून आत गेले. आम्ही तसेच थांबलो. मला खुर्चीतून उठायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी उठलो नाही. उज्ज्वला पाणी घेऊन आली तर शिपाई म्हणाला, साक्ष चालू असताना साक्षीदाराशी बोलता येत नाही. ती म्हणाली, ‘बोलत कुठं आहे? पाणी देतेय.’

साहेब जेवून आले. अर्ज टेबलावर होता. तो त्यांनी वाचला, बाजूला ठेवला आणि टायपिस्ट बाईंना म्हणाले, ‘प्रश्न म्हणून लिहा. चौतीस वर्षांत तुमचा कधी हात उठला नाही का. उत्तर. हां, बोला ढाकणे. सावकाश.’

मी परत सगळं बोललो. मीठ, सात वर्षांची पोरगी, आई पण कुणाला सांगायची नाही, सगळं. हसणारं आता कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा बोलणं जास्त अवघड गेलं. टायपिस्ट बाई मधे एकदा थांबल्या, म्हणाल्या, ‘तोंडात मारली, असंच लिहू?’ साहेब म्हणाले, ‘त्यांना तसंच हवंय.’

शेवटी साहेबांनी एक ओळ स्वतःची घातली. ‘साक्षीदाराचे वर्तन उद्धट होते.’

मी सगळा कागद वाचला. तीही ओळ वाचली. ती खरी होती. मी सही केली.

दीड महिन्यानं निकाल लागला. आम्ही हरलो. अर्जदार वडील सुशिक्षित आहेत, कायम नोकरीत आहेत, मुलीला त्यांचा लळा आहे. पती-पत्नीतले वाद हा वेगळा विषय आहे आणि मुलीच्या हिताशी त्याचा थेट संबंध दिसत नाही. माझ्याबद्दल लिहिलं होतं की साक्षीदार भावनेच्या भरात बोलतो, सबब विश्वासार्ह नाही. तीस दिवसांत मुलीला वडिलांच्या ताब्यात द्यावं.

सुदर्शन त्याच संध्याकाळी फोन करून म्हणाला, ‘मामा, स्वतःची अब्रू चव्हाट्यावर मांडली, मिळालं काय?’

मी म्हणालो, ‘अजून तीस दिवस आहेत.’

चंद्रकलानं त्या तीस दिवसांत तनूला शाळेत एकटं सोडलं नाही. दप्तर घेऊन जायची, शाळेच्या ओट्यावर बसून राहायची, घेऊन यायची. मास्तर म्हणाले, ‘आजी, तुमचंच नाव घालू का हजेरीत?’ एकोणतिसाव्या दिवशी वरच्या कोर्टानं स्थगिती दिली.

अपील सात महिन्यांनी निघालं. तिथं दोन साहेब होते, मोठा हॉल, सगळं इंग्रजीत. मी आणि चंद्रकला मागं उभे होतो. नसरीनताईंच्या वरिष्ठ बाई बोलत होत्या. मग त्यांनी माझा कागद काढला आणि मराठीतच वाचला. माझे शब्द, त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये. उद्धट होते, इथपर्यंत वाचलं. डावीकडचे साहेब सुदर्शनच्या वकिलांना मराठीत म्हणाले, ‘मुलीनं काही पाहिलं नाही असं तुमचं म्हणणं आहे. ते राहत होते त्या भाड्याच्या घरात खोल्या किती होत्या?’

‘दोन, साहेब.’

‘मधे दार?’

वकिलांनी सुदर्शनकडं वळून विचारलं. मग म्हणाले, ‘पडदा होता.’

साहेबांनी पुढं काही विचारलं नाही. तनू आईकडंच राहील असा निकाल झाला. बापानं महिन्यातून दोनदा भेटायचं, तेही कोर्टाच्या आवारात. चार वेळा तो आला. नंतर आला नाही.

परतीच्या एसटीत मी फार खुशीत होतो. चंद्रकलाला म्हणालो, ‘बघ, माझ्या कागदानं पोर वाचली.’ ती खिडकीतून बाहेर बघत होती.

थोड्या वेळानं म्हणाली, ‘दोनदा नव्हतं ते.’

‘काय?’

‘तीनदा.’

मी आठवून बघितलं. ‘मला दोनच आठवतात. खरंच.’

‘तुम्हाला कशाला आठवेल?’

‘तिसरं कधी?’

‘पहिलं ते. उज्ज्वला पोटात होती तेव्हा.’

‘कशावरून?’

‘ते मला पण नाही आठवत. भिंत आठवते.’

कंडक्टर तिकिटं तपासायला आला, गेला. मी विचारलं, ‘मग कोर्टात का नाही सांगितलंस?’

‘मला कुणी विचारलं?’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘पण तुम्ही बोललात. मला वाटलं नव्हतं तुम्ही बोलाल.’ आणि पिशवीतून दशम्या काढून मला एक दिली. त्या दिवसापासून ती गेली तोवर आम्ही त्या गोष्टीवर बोललो नाही. घरी आल्यावर मी समितीचा राजीनामा दिला. त्या नऊ घरी जाऊन मी सांगितलं की तुमच्या कागदावर मी खोटं लिहिलं. दोन घरांनी मला हाकलून दिलं. एका घरच्या बाईनं बसायला पाट दिला आणि कागद आणून माझ्यासमोर चुलीत घातला.

गेल्या पौषात चंद्रकला गेली. तीन दिवस ताप, मग निमोनिया. दशक्रिया विधीला नदीकाठी मंडप घातला होता. आमच्याकडं पिंडदान झाल्यावर माईकवर श्रद्धांजलीची भाषणं होतात. माजी सरपंच बोलले, पतसंस्थेचे चेअरमन बोलले. शेवटी माझा मेहुणा शिवराम उभा राहिला आणि म्हणाला, ‘माझ्या बहिणीचं नशीब थोर. दाजींनी तिला फुलासारखी जपली. त्रेचाळीस वर्षांत त्या घरात आवाज चढला नाही.’

पंधरा वर्षांची तनू माझ्याशेजारी बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी उठलो. शिवरामच्या हातातला माईक घेतला. त्याला वाटलं आभार मानतोय.

‘चंद्रकलाला मी तीनदा मारलं,’ मी म्हणालो. तिचं नाव मी चारचौघांत घ्यायची ती पहिलीच वेळ होती. ‘कोर्टात शपथेवर दोनदा सांगितलं, ते चुकलं. ती म्हणाली तीनदा. ती म्हणाली म्हणजे तीनदाच.’

कुणीतरी माईक बंद केला. माजी सरपंच लगबगीनं जवळ आले, माझ्या दंडाला धरून हळू आवाजात म्हणाले, ‘अण्णा, काय हे? आजचा दिवस आहे का हा?’

‘आजचाच आहे,’ मी म्हणालो.

दंड सोडवून घेतला. बायका बसल्या होत्या त्या बाजूला तोंड केलं आणि माईकशिवाय, मोठ्यानं, पहिलं आधी सांगायला घेतलं.